जांभळं की हिरवं

—अहो काका, आता बोटं बाजूला घ्या बघू. दाबून झालं, बडवून झालं, आता त्याची पाद्यपूजा तेवढी राहिलीय. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचलंत का? मी सांगतो मराठीत—कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायचं असेल तर कीबोर्डवरचं एफ-वन दाबा. घ्या! म्हणजे कीबोर्ड नाही म्हणून अडलंय, आणि सोडवायला बटण दाबायचं ते कीबोर्डवरचंच. वीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात, हे वाक्य दिसलं की अजून हसू फुटतं. तुम्हाला नाही येत हसू? बरोबर आहे, तुमचं शब्दकोडं अडकलंय आत. पाचच्या आत पाठवायचंय ना साप्ताहिकाला? आत्ता सव्वातीन. पोचेल हो. आणि खरं सांगू का, एक आठवडा कोडं नाही छापून आलं तर लोक सुखाने झोपतील. गेल्या खेपेचा तुमचा तो उभा अकरा—सात अक्षरी शब्द, चार दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. बायको म्हणाली, हा मनुष्य कोण आहे मला एकदा बघायचाय. आज म्हटलं असतं तिला, ये, बघ, माझ्यासमोर स्टुलावर बसलाय आणि घाबरलाय.

काय म्हणालात? गेल्याच आठवड्यात साफ करून आणला होता? कुणाकडून? समोरून? समोर म्हणजे—हे समोर? रस्त्यापलीकडे, निळी पाटी, दोन पायऱ्या? अच्छा. अच्छा, अच्छा. मग तिथेच न्यायचा ना परत, इकडे कशाला—नाही, राहू द्या, सांगू नका. त्या दुकानातलं काही माझ्या कानावर आलेलं मला चालत नाही. हो, कळतंय हो मला, तुम्हाला काहीतरी सांगायचंय, मघापासून तोंड उघडताय आणि मिटताय, पण आधी मशीन. माणसांचं मागाहून बघू.

तसं लपवण्यासारखं काही नाही त्यात. तो माझा भाऊ. सख्खा, थोरला. तुम्हाला माहीत नव्हतं? कमाल आहे, सगळा रस्ता जाणतो. सतरा वर्षं एका टेबलाशी बसलो आम्ही, त्या निळ्या पाटीखाली, आणि तीन वर्षांपूर्वी मी हे दुकान टाकलं, बरोब्बर समोर, कारण दुसरी जागा मिळाली नाही—म्हणजे मिळत होत्या दोन-तीन, पण हीच पसंत पडली. तेव्हापासून बोलणं नाही. बोलणं सोडा, मी तिकडे बघतसुद्धा नाही. त्याचा तो काय करतो, माझं मला काय! साडेदहाला उघडतो तो. आज दहा पस्तीस झाले. हल्ली कुलपाशीच पाच मिनिटं जातात त्याची, किल्ली घालतो, काढतो, पुन्हा घालतो, नवं कुलूप घेईल तर शपथ, पहिल्यापासून चिकट. अकराला चहा. पूर्वी बिनसाखरेचा घ्यायचा, आता चहावाला सांगतो साखर घालून घेतो म्हणून. आणि दिवसाढवळ्या टेबलावर दोन-दोन दिवे लावून बसतो, एवढा उजेड कशाला हवा कुणास ठाऊक, दागिने विकायचेत का काय? ते जाऊ दे. मी बघत नाही.

हं, चला. मी बंद करून पुन्हा चालू करतो, तुम्ही फक्त कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात बघा, तिथे तीन बारीक दिवे आहेत. पडदा नका बघू, दिवे बघा. चालू केलं—लुकलुकले? तिन्ही? एकदाच आणि मग विझले? वा, वा, काका, तुम्ही कोडी सोडून इकडे या, जागा रिकामी आहे. म्हणजे काय झालं, वायर तुटलेली नाही, कीबोर्ड जिवंत आहे, वीज पोचतेय त्याला. मेलेला असता तर दिवे लागलेच नसते. तो बिचारा ओरडून सांगतोय की मी आहे, मी आहे, आणि मशीन म्हणतंय कोण तुम्ही, ओळखत नाही. आता उलटा करू आणि हलवू. तुमच्या वयाच्या माणसांच्या कीबोर्डमधून मी काय काय काढलंय—बिस्किटाचा चुरा, नखं, एकाचा तर दात निघाला, त्याला वाटत होतं गिळला. एखादं बटण दबून अडकलं असेल तरी सुरू होताना हाच तमाशा होतो. हे पाहा—काही नाही. एक कण पडला नाही. एकेक बटण काढून, धुऊन, पुसून बसवलंय. दादाचं काम आहे, चुरा कुठून सापडणार. त्याच्या हातात कळकट वस्तू टिकतच नाही हो. शत्रू झाला म्हणून मी खोटं का बोलू?

जरा धरता त्या बाजूने? हा डबा फिरवून घेऊ, पाठ बघू याची. सावकाश, कंबर सांभाळा, तुमची म्हणतोय मी. हं. ही बघा! ही गाठ बघा. मेणाचा दोरा, दोन फेरे आणि आत दुमडलेलं टोक. कीबोर्डची आणि माउसची वायर एकत्र बांधून डब्याच्या पाठीला आवळायची ही तऱ्हा जगात एकच माणूस करतो. गिऱ्हाईक घरी जाऊन वायरी उपसतं, मग भलत्या भोकात घालतं, मग फोन करतं, म्हणून त्यानं हा दोरा सुरू केला. दोरा असला की तक्रार गिऱ्हाइकाची नाही, आपली. तुम्ही घरी सोडला होता का हा? शपथेवर? मुलाने, सुनेने, कुणी? नाही ना. म्हणजे वायर त्यानंच लावली, त्यानंच बांधली, आणि तेव्हापासून कुणी हात लावला नाही. ठीक. मग आता—

अहो. अहो काका! इकडे या. या, या, वाका थोडं, मघाशी कंबर सांभाळा म्हणालो ते विसरा. ही दोन गोल भोकं दिसतायत? एक जांभळं, एक हिरवं. जांभळं कीबोर्डचं, हिरवं माउसचं. आणि वायरीच्या टोकाचा रंग बघा. जांभळं टोक कुठे गेलंय? हिरव्यात! आणि हिरवं जांभळ्यात! आता कळलं दिवे का लागले? वीज दोन्ही भोकांतून येते, पिना त्याच, आकार तोच, कुठलंही टोक कुठेही मस्त बसतं, फरक फक्त रंगाचा. माउसच्या भोकात कीबोर्ड बसवला की मशीन बापडं जांभळ्यात शोधत राहतं आणि कीबोर्ड हिरव्यात बसून राहतो. संपलं. एवढंच. दादा चुकला! काका, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही आज माझ्या दुकानात काय घेऊन आलाय. चहा सांगू का? सांगतोच. मला हे कुणी शिकवलं माहिती आहे? त्यानंच. वीस वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, टाळक्यात टपली मारून—हातावर विसंबू नकोस, रंग बघ. सतरा वर्षं ऐकलं, रंग बघ, रंग बघ. आता मीच बाहेर पाटी लावतो, मोठ्या अक्षरात, की निळ्या पाटीवाल्या पंडितांना जांभळं आणि हिरवं कळेनासं झालंय, गरजूंनी रस्ता ओलांडावा!

तुम्ही हसत नाही आहात. बरं, एवढं वाईट नका वाटून घेऊ त्याच्यासाठी, एक वायर तर आहे. पण तुम्हाला कळत नाही, दादा चुकत नाही हो. कधीच नाही. चुकायचो तो मी. आणि चुकला एकदा तर केवढं चुकला, ऐकलं असेल तुम्ही—शिंप्याची मापं. नाही ऐकलं? कोपऱ्यावरचा शिंपी, बावीस वर्षांची गिऱ्हाइकांची मापं त्यानं कॉम्प्युटरवर चढवली होती, खांदा, छाती, कंबर, बाही, सगळ्या वस्तीची, आणि कॉम्प्युटर आला आमच्याकडे, दोन डिस्का होत्या त्यात, एक कोरी करायची होती, एक ठेवायची होती. जी ठेवायची ती कोरी झाली. बावीस वर्षं, अर्ध्या मिनिटात. शिंपी रडला नाही, खुर्चीत बसून राहिला नुसता. मग पुन्हा सगळ्यांना बोलावून टेप लावला त्यानं, आणि लोक असे बेरकी, आधीच्या आठवणीने पोट आत ओढून उभे राहायचे, सहा महिने एकाचीही पॅन्ट धड बसली नाही. हसू नका. हसा, हसा, आम्ही पण हसायचो मागाहून. तर ते दादानं केलं असं सगळ्यांना माहीत आहे. दादानंच सांगितलं शिंप्याला, माझ्या हातून झालं, मी भरपाई करतो. रविवारचे रविवार जाऊन बसायचा त्याच्याकडे, शिंपी टेप लावायचा आणि हा आकडे टाकत राहायचा. सगळ्यांना माहीत आहे ते. म्हणजे, सगळ्यांना तसं माहीत आहे.

काय बघताय असं? तुमचं बरं आहे, एक अक्षर दिसलं की पुढचं भरता तुम्ही. हो. मी केलं ते. मी बसलो होतो त्या मशीनवर, मला घाई होती, क्रिकेटची मॅच होती, मी बघितलं नाही कुठली डिस्क. दादा मागून आला, पडदा बघितला, माझा चेहरा बघितला, आणि शिंप्याकडे वळून म्हणाला, माझ्या हातून झालं. आणि मी तिथे उभा होतो हो. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो शिंप्याला, आणि रोज हा समोर बसून इतकं चांगलं वागायचा माझ्याशी, एक शब्द नाही, टोमणा नाही, टपलीसुद्धा मारेना. टपली मारली असती तर राहिलो असतो मी. शेवटी स्क्रू कुठल्या डबीत ठेवायचे ह्यावरून भांडण उकरलं, नाही नाही ते बोललो, आणि निघालो. वहिनी पायरीवर उभी होती. लोकांना वाटतं त्यानं मला काढलं. मी कधी नाही म्हटलं नाही. बघा, किती सोपं असतं नाही म्हणायचं राहून जाणं. हे तुम्ही पोटात ठेवा काका. आठवडाभर सगळ्या वाचकांपासून उत्तरं लपवता, तसं हे एक.

पुरे. मशीन बघू. आधी पूर्ण बंद करायचं, चालू असताना ही टोकं काढायची घालायची नाहीत, आतलं जळतं, हे ध्यानात ठेवा. दोरा सोडतो. कापत नाही, सोडतोच, नीट गाठ आहे. जांभळं जांभळ्यात, हिरवं हिरव्यात. आता चालू. दिवे? लुकलुकले. पडदा? हं—हं—पुढे गेलं बघा! एफ-वन बिफ-वन काही नाही, सरळ आत. चला, तुमचा जीव भांड्यात पडला, बसा खुर्चीवर, आणि टाइप करून दाखवा काहीतरी. कोडं नको, मला डोकेदुखी नकोय. तारीख टाका आजची. तेवीस. काका, तेवीस म्हटलं मी. अठ्ठावीस कशाला लिहिताय? पाच दिवस पुढे गेलात तर कोडं उशिरा पोचलं म्हणतील. पुन्हा टाका. पुन्हा अठ्ठावीस! अहो, दोन झाल्यावर तीन दाबा, आठ नका—तीनच दाबताय? बघू. सरका.

हे तीनचं बटण आठच्या जागी बसलंय. आणि आठचं तीनच्या. घरी नेल्यापासून मशीन चालूच झालं नाही म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. धुताना सगळी बटणं काढली त्यानं, आणि परत बसवताना तीन आणि आठ... एका ओळीतली, एका मापाची बटणं, तीन आणि आठ. जरा पुसट दिसलं तर सारखेच की हो ते. पण दादा—

एक मिनिट. एक मिनिट थांबा, बोलू नका. हे मशीन बघा माझं, हे टेबलावरचं. त्याची पाठ बघा. जांभळं खाली, हिरवं वर. ते खालचं बघा, जमिनीवरचं. जांभळं खाली. तिसरं बघा. खाली. बहुतेक सगळ्यांचं असंच असतं. आणि तुमचं? तुमचं उलटं आहे. हिरवं खाली, जांभळं वर. काका, त्यानं खालच्या भोकात घातलं. सवयीने. हातानं चाचपून घातलं. रंग बघितलाच नाही त्यानं. ज्या माणसानं मला सतरा वर्षं रंग बघ, रंग बघ करून भंडावलं, त्यानं रंग—बघितला नाही, का दिसला नाही?

गाठ मात्र पक्की आहे. गाठीला डोळे लागत नाहीत.

म्हणून दोन-दोन दिवे. म्हणून ते कुलूप. आणि मी वेडा इथे बसून चिकट म्हणतोय. अहो, वहिनी रोज संध्याकाळी येते त्याला न्यायला, चार-सहा महिने झाले, आणि हात धरून नेते, पायरी उतरताना तर घट्ट धरते, आणि मी बायकोला काय म्हणालो माहिती आहे? म्हणालो, ह्या वयात यांना प्रेम सुचतंय, रस्त्यातून हातात हात घालून चालतात. आम्ही दोघं हसलो होतो. ती त्याला सांभाळून नेत होती हो. मोतीबिंदू असेल. मोतीबिंदूच असेल, नाही? आमच्या वडिलांना होता, त्यांना पण सगळं पिवळट दिसायचं, जांभळं दाखवलं तर काळं सांगायचे. होतं बरं मोतीबिंदूचं, आजकाल दुपारपर्यंत घरी सोडतात. दुसरं काही नसेल. मग करत का नाही? दुकान किती दिवस बंद ठेवायचं, कोण बसणार तिथे—हं. कोण बसणार.

तुम्ही मघापासून काहीतरी सांगत होतात. सांगा आता. सांगा, मी मध्ये बोलत नाही. सकाळी गेला होतात परत त्याच्याकडे? आज? मग? त्यानं दुसरा कीबोर्ड लावून बघितला. खालच्याच भोकात लावला असणार. तोही चालेना, म्हणून हाच परत लावून दोरा पुन्हा बांधला. मग? डब्याच्या पाठीवरून बोटं फिरवत बसला? बराच वेळ? आणि मग? काका, नीट सांगा, त्याचे शब्द सांगा, तुमचे नकोत. "समोर न्या"—असं म्हणाला? त्यानं पाठवलं तुम्हाला? माझ्याकडे? "समोर न्या. माझा धाकटा भाऊ आहे, त्याची नजर चांगली आहे."

धाकटा भाऊ असं म्हणाला.

नाही, काही नाही. पाणी आहे माझ्याकडे. तुम्ही पहिल्यांदाच सांगितलं असतं तर—हो, मीच बोलू दिलं नाही, माझंच चुकलं, तीन वर्षं माझंच चुकतंय आणि मी इथे चहा मागवतोय. एक सांगू? गेल्या दिवाळीत—छे, काय बोलतोय मी—गेल्या उन्हाळ्यात एकदा मी हात केला होता त्याला. हो, मीच. तो असाच पायरीवर उभा होता, तोंड इकडे होतं, आणि माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी दारात जाऊन हात वर केला. तो बघत राहिला. मान नाही, हात नाही, काही नाही. मी आत आलो आणि बायकोला म्हणालो, संपलं, आता मेलो तरी बघणार नाही तिकडे. मला वाटलं, त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. वर्षभर मी तेच धरून बसलोय.

ही बटणं पटकन बदलतो, तेवढं राहिलंय. तीन तिकडे, आठ इकडे. दाबा. तेवीस? आलं तेवीस. झालं तुमचं. इथूनच पाठवा कोडं, इंटरनेट आहे, घाई नाही, बसा निवांत. चहा येईल तो प्या, माझाही प्या. फोन वाजला तर उचला आणि सांगा मालक बाहेर गेलेत. कधी येतील विचारलं तर माहीत नाही म्हणा. मला खरंच माहीत नाही.

हे बघा, आला तो पायरीवर. तुम्ही अजून परतला नाहीत म्हणून काळजी लागली असेल. बघा, तोंड इकडेच आहे. मी हात करतो हां. केला. दोन्ही करतो. काका, काहीच नाही हो. सरळ माझ्याकडे बघतोय, आणि त्याला मी दिसत नाहीये. काय करतोय हा? उतरतोय. एकटाच उतरतोय, वहिनी नाही बरोबर, पुढची पायरी चाचपतोय—सरका, काका, सरका, खुर्ची घ्या बाजूला—दादा! ए दादा! रस्त्यावर येऊ नकोस, गाडी येतेय डावीकडून! तिथेच थांब! मी आहे, मी—थांब, मी येतो!